न जन्मलेल्यांचा पाळणा

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांची भाषा बोलत आणि माणसे ती सोयीपुरतीच ऐकत, दरबारात सिंहासनासमोर एक रिकामा पाळणा टांगलेला असे. तो अजून न जन्मलेल्या प्रजेचा. कोणताही हुकूम काढण्याआधी राजाने पाळण्याला विचारायचे. पाळणा स्तब्ध राहिला तर होकार, आपोआप झुलला तर नकार.

राजा यशोधवलाला आपल्या नावाचा गगनचुंबी मनोरा हवा होता. त्यासाठी नदीच्या उगमावरचे रान तोडायचे होते. त्याने विचारले मात्र, पाळणा कड्या तुटतील असा झुलू लागला. राजाने काय करावे? उठून त्यात एक धोंडा ठेवला. पाळणा थांबला.

"पाळण्याचा होकार आहे," प्रधान भानुगुप्त म्हणाला. सारा दरबार आपापल्या पायांची बोटे न्याहाळत बसला.

रान तुटले, मनोरा उभा राहिला, नदी आटली. राणी मृगावतीचे दिवस भरले, उलटले, तरी बाळ जन्माला येईना. राणीचा जीव कंठाशी आला. वैद्यांनी हात टेकले, मांत्रिकही गुपचूप निघून गेले.

तेव्हा ढोलीला मुकलेला एक धनेश पक्षी खिडकीत येऊन बसला. "राजा, धोंड्याचा शाप लागलाय तुला. तुझे बाळ म्हणते, जिथे माझे तोंड दाबले तिथे मी येणार नाही."

"काय केले म्हणजे येईल?"

"मनोरा आपल्या हातांनी उतरव. उगमावर अशी झाडे लाव, ज्यांची सावली तुला मिळणार नाही. आणि तो धोंडा उचल."

मनोरा उतरवताना राजाचे हात सोलवटले, रोपे लावताना गुडघे फुटले. त्याला वाटले, आता धोंड्याचे ते काय! पण धोंडा तसूभर हलेना.

राजाची मान खाली गेली. भर दरबारात तो म्हणाला, "पाळणा नको म्हणत होता. मला कळले होते. कळले म्हणूनच धोंडा ठेवला. मला माझी लाज वाटते."

धोंडा किंचित हलला, पुन्हा अडला.

"मीही पाहिले होते," भानुगुप्त पुटपुटला.

"मोठ्याने बोल!" धनेश ओरडला.

भानुगुप्त मोठ्याने बोलला. मग एकेक सरदार उठला, खालमानेने तेच बोलला आणि धोंड्याला हात लावून उभा राहिला. शेवटी द्वारपालही बोलला, तेव्हा कुठे धोंडा उचलला गेला. त्याच क्षणी अंतःपुरातून रडणे ऐकू आले. उगमावर पाण्याची बारीक धार लागली.

दाई बाळाला घेऊन आली. "महाराज, कन्यारत्न! राणीसाहेब सुखरूप आहेत. हिला याच पाळण्यात निजवू?"

राजाने लेकीला छातीशी धरले. "नको. ही आता आपल्यात आली. हा पाळणा हिच्या मागून येणाऱ्यांचा. उद्या हिलाही यालाच विचारावे लागेल."

पाळणा स्तब्ध राहिला.

तो धोंडा सिंहासनाच्या पायरीशी ठेवला आहे. त्या गादीवर बसायला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी त्याची ठेच लागते.