कागदावर नसलेल्या तीन पायऱ्या

एका गावात फराळाचा एक कारखाना होता, आणि त्या कारखान्याच्या माळ्यावर मकरंद शेडगे नावाचा एक माणूस बसत असे, ज्याच्यावाचून कोणाचंच काही चालत नसे. निदान त्याची तशी समजूत होती. ती खरी राहावी म्हणून तो फार मेहनत घेई.

खाली चाळीस बायका चकल्या, चिवडा, अनारसे करत. कारखाना सुमतीकाकूंचा. काकूंचा नियम एकच होता. भाजणीत तांदूळ किती, डाळ किती, धणे किती, सगळं वजनाने ठरलेलं आणि लिहिलेलं. कोणी बाळंतपणाला गेली, कोणी माहेरी गेली, तरी चकली तीच. "हाताची चव घरी दाखवा," काकू म्हणत, "इथे काट्याची चव."

वर मकरंद वेबसाइट सांभाळे. फराळाच्या ऑर्डरी तिथे येत, निम्म्याहून जास्त परदेशातून. वेबसाइट ज्या संगणकांवर चाले, ते मात्र गावात नव्हते. एका मोठ्या कंपनीची संगणकांनी भरलेली कोठारं लांब कुठेतरी होती. आपण इथे बसून त्यातला हवा तेवढा तुकडा भाड्याने मागवायचा. त्या तुकड्याला हात लावता येत नाही, पण तो अख्ख्या संगणकासारखं काम करतो, म्हणून त्याला आभासी मशीन म्हणायचं आणि या सगळ्या कारभाराला क्लाउड. खालच्या बायका नुसतं 'वरची मशिनं' म्हणत आणि बोट छताकडे करत. त्यांच्या मते ती मकरंदच्या टेबलाखाली होती.

एरवी एक मशीन पुरे. दसरा झाला की गर्दी होई आणि मकरंद आणखी मशिनं उभी करी. आकार निवडायचा, आपली वेबसाइट त्यात बसवायची, कुलपं-किल्ल्या लावायच्या आणि मशीन कामाला जुंपायचं. एकूण चोवीस पायऱ्या होत्या. त्या सगळ्या मकरंदच्या बोटांत होत्या आणि एकही कुठे लिहिलेली नव्हती. कोणी चहा घेऊन वर आलं की तो स्क्रीन जरासा भिंतीकडे वळवी.

ऑर्डरी टिपणारी रत्ना पाटोळे एकदा वही घेऊन वर आली.

"मकरंददादा, तुम्ही करता करता सांगा. मी लिहून घेते."

"हे सांगता येत नाही गं. ते हाताला समजतं."

"माझी सासूपण पुरणाबद्दल हेच सांगते," रत्ना म्हणाली आणि वही मिटून खाली गेली.

मकरंद आळशी नव्हता. लिहिलं तर दुसऱ्याला येईल, दुसऱ्याला आलं तर आपल्याला कोण विचारील, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि कोणी विचारलेलं त्याला आवडत असे. त्याच्या चहात आलं जास्त पडे. अनारशांचा पहिला घाणा आधी वर जाई. सहा वर्षांत त्याने सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती, हेही तो कौतुकानेच सांगे.

मग त्याचं लग्न ठरलं.

मुलीचं नाव वृषाली. ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करी. साखरपुडा तिच्या गावी, घाटावरच्या वाडीत करायचं ठरलं. पहिली तारीख आली तेव्हा मकरंदला वेबसाइटचं रूप बदलायचं होतं, तो गेला नाही. दुसरी तारीख आली तेव्हा मशीन बंद पडलं आणि तो नव्या कुर्त्यासकट निम्म्या वाटेतून परत फिरला. मशीन सुरू झाल्यावर काकू म्हणाल्या, "तू नसतास तर काय झालं असतं रे." त्याला इतकं बरं वाटलं की साखरपुडा राहिल्याचं संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

वृषालीला आठवलं. तिचा फोन आला.

"तिसरी तारीख रविवारची धरलीय," ती म्हणाली. "मांडववाल्याला सांगितलंय, ही शेवटची."

"मी प्रयत्न करतो. पण त्याच रविवारी दिवाळीच्या परदेशच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि इथे माझ्याशिवाय..."

"साडेअकराचा मुहूर्त आहे. तोवर आलात तर साखरपुडा. नाही आलात तर जमलेली माणसं जेवून घरी जातील आणि आई दुसरं स्थळ बघेल. रागाने बोलत नाहीये. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

ती खरंच रागावलेली नव्हती. त्यामुळेच मकरंदला घाम फुटला. वृषाली त्याला मनापासून आवडली होती. हे त्याने अजून तिलाही सांगितलं नव्हतं, कारण वेळ मिळाला नव्हता.

तो काकूंकडे गेला. काकू काट्यावर धणे मोजत होत्या.

"जा की," त्या म्हणाल्या. "मी कधी नको म्हटलं? रत्नाला सगळं लिहून दे आणि जा."

मकरंदने जाण्याआधी सहा मशिनं उभी केली. गेल्या वर्षी तेवढीच लागली होती. मग तो कागद घेऊन बसला. अक्षर त्याचं सुंदर होतं. एकवीस पायऱ्या त्याने ओळीने लिहिल्या आणि तीन गाळल्या. नव्या मशीनचं दार बंद असतं, ते आपण उघडावं लागतं, ही एक. सगळ्या ऑर्डरी ज्यात साठतात त्या कोठाराचा पासवर्ड, ही दुसरी. आणि नव्या मशीनचं नाव वाटपाच्या यादीत घालायचं, म्हणजे गिऱ्हाईक तिकडे पाठवलं जातं, ही तिसरी.

"कागद लागायचाच नाही," त्याने मनाशी म्हटलं. "आणि लागलाच तर एक फोन करतील. एक फोन यायला काय हरकत आहे?"

रविवारी सकाळी तो वेळेवर वाडीत पोचला. वृषालीच्या आईने ओवाळलं. तिच्या मामांनी, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेल्या हवालदार जगदाळ्यांनी, स्वतः त्याला फेटा बांधला. मकरंदने हळूच खिशातून फोन काढून पाहिला. फोनवर एकही दांडी नव्हती.

"मामा, इथे रेंज नसते का?"

"असती की. शाळंमागं एक दगड हाय. त्याच्यावर हुबं ऱ्हायलं की फोन लागतो. खाली उतरला की गेला."

अख्खी वाडी त्या एका दगडावरून बोलत असे. म्हणून शेजारच्या पारावर चार-पाच म्हातारे सकाळपासून बसलेले असत. वाडीत वर्तमानपत्र येत नव्हतं, आणि त्यांना त्याची कधी गरज भासली नव्हती.

अकरा वाजेपर्यंत मकरंदने दम धरला. मग हात धुऊन येतो म्हणाला आणि दगडावर जाऊन उभा राहिला. फोन थरथरला. रत्नाचे सतरा कॉल येऊन गेले होते. त्याने लावला.

"दादा, यंदा परदेशातल्या कुठल्यातरी मराठी मंडळाने सगळ्या सभासदांना आपल्या कारखान्याचं नाव कळवलंय," रत्ना भराभर बोलत होती. "दुप्पट माणसं आलीत. सहा मशिनं दमली. तुमच्या कागदावरून मी आणखी चार उभी केली. चारही हिरवी दिसतायत, चालू आहेत. पण काही करत नाहीत."

मागून काकूंचा आवाज आला, "आमच्या जावयांसारखी."

"लोक थांबून थांबून परत चाललेत," रत्ना म्हणाली. "आजची ऑर्डर हुकली तर माल दिवाळीआधी पोचायचा नाही. खाली सगळ्याजणी हात धुऊन बसल्यात. मी कागद तीनदा वाचला, दादा. बोट ठेवून वाचला. माझ्याकडून पायरी सुटली, असं मी काकूंना सांगून टाकलंय."

तिच्याकडून काही सुटलं नव्हतं, हे मकरंदला माहीत होतं. पण आधी मशिनं सुरू करायची होती. आवाज तुटत होता, म्हणून त्याला ओरडून बोलावं लागलं.

"आधी दार उघड. मशीनचं. सेटिंगमध्ये तिसरी ओळ, तिथे परवानगी दे."

पारावरचे म्हातारे सरसावून बसले. मामा त्याच्या फेट्याचं टोक सांभाळत मागोमाग आले होते. फोनवर कोणी सूचना देऊ लागलं की लिहून घ्यायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. त्यांनी खिशातून पत्रिकेचं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली.

"पाव्हणं, जरा सावकाश. सेटिंगमधी कितवी वळ?"

"तिसरी," मकरंद म्हणाला. मग फोनमध्ये, "आता कोठाराचा पासवर्ड घाल."

"तो मला कागदावर दिसला नाही, दादा."

मकरंदने पारावर नजर टाकली. पाच चेहरे त्याच्याकडे बघत होते. सहा वर्षांत हा शब्द त्याने कोणासमोर उच्चारला नव्हता.

"फक्तमकरंद," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"फक्तमकरंद. एकत्र. पुढे एक."

"काय म्हनला?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"फक्त मकरंद," दुसऱ्याने सांगितलं.

"फक्त मकरंद?" मागून आवाज आला. हिरवी साडी सावरत वृषाली उभी होती. "मग अंगठी मी कोणाला घालू?"

मकरंदने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. त्याने तिसरी पायरीही ओरडून सांगितली. वाटपाची यादी उघड, चारही नावं घाल. मामांनी ती लिहिली आणि खाली रेघ मारली.

थोडा वेळ फोनमध्ये नुसती खरखर होती. मग रत्ना म्हणाली, "लागलं. दादा, यायला लागल्या ऑर्डरी."

"कशाच्या वो?" म्हाताऱ्याने मामांना विचारलं.

"चकलीच्या."

"मग येवढं कशाला बोंबलायचं?"

फोन अजून चालू होता. "दादा," रत्ना म्हणाली, "या तीन पायऱ्या कागदावर कुठे होत्या? मला कशा दिसल्या नाहीत?"

राहून गेल्या असतील, घाईत होतो, हे शब्द मकरंदच्या जिभेवर तयार होते. कोणालाच कळलं नसतं. मामांना नाही, वृषालीलाही नाही. रत्नाने तर दोष आधीच स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. तो तिच्याकडून परत आपल्याकडे घेणं त्याला सोपं वाटेना, आणि घेतल्याशिवाय दगडावरून उतरवेना.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "त्या कागदावर नव्हत्याच. मी मुद्दाम लिहिल्या नाहीत."

"का?"

"तुम्ही मला फोन करावा म्हणून."

पारावरचे म्हातारे आणखी पुढे सरकले.

"केला की," रत्ना म्हणाली. "सतरा वेळा."

"काकूंना सांग. आत्ताच सांग. माझं नाव घेऊन सांग."

त्याने फोन खिशात ठेवला आणि तो खाली उतरला. रेंज गेली. कागदावर किती पायऱ्या होत्या ते मामांनी विचारलं, पाकिटावर आकडे घातले आणि ते त्याच्या हातात दिलं. "हे तुमच्या कागदाला जोडा. बावीस, तेवीस, चोवीस, आकडे घातलेत," एवढंच ते म्हणाले.

वृषालीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता.

"चला," ती म्हणाली. "अकरा मिनिटं राहिलीत, आणि तुमचा फेटा पार कानावर आलाय."

साखरपुडा साडेअकराला झाला.

सोमवारी मकरंदने कामावर येऊन मामांचं पाकीट रत्नाच्या टेबलावरच्या कागदाला जोडलं, आणि चोवीस पायऱ्या पुऱ्या झाल्या. पासवर्ड तिने रविवारीच बदलला होता. अख्ख्या वाडीने ऐकल्यावर ठेवणार कसा? नवा पासवर्ड बंद पाकिटात घालून काकूंच्या कपाटात ठेवला होता, आणि तसं तिने त्याला सांगितलंही. काकूंनी त्याला एकदाच, सगळ्यांच्या माघारी, चांगलं सुनावलं. त्यानंतर गर्दी वाढली की रत्ना मशिनं उभी करी आणि ओसरली की बंद करी. मकरंदच्या चहात आता सगळ्यांइतकंच आलं पडे.

मार्गशीर्षात लग्न होतं. त्याने चाचरत तीन दिवसांची रजा मागितली.

"तीन कशाला? पंधरा घे," काट्यावरची नजर न काढता काकू म्हणाल्या. "तुझ्यावाचून काही अडत नाही."

हे ऐकून त्याच्या काळजात बारीकशी कळ आली. "काहीच अडत नाही?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

तो बाहेर पडला. पंधरा दिवस. सहा वर्षांत त्याला इतकी चांगली बातमी कोणी दिली नव्हती, पण ती गोड लागायला त्याला रस्त्यावर येईपर्यंतचा वेळ लागला. मग त्याने वृषालीला फोन लावला.

तात्पर्य: विद्या दडवून ठेवणारा तिचा धनी होत नाही, राखणदार होतो, आणि राखणदाराला रजा नसते.