फ्रीजची उत्तरपूजा

"उद्यापासून मुदपाकखाना बंद!" हौसेराजा गरजला. "तिथं माझे फ्रीज राहतील!"

आचारी भिकोबाच्या हातातली पळी गळून पडली. राजवाड्याची सगळी कोठारं बंद पडलेल्या यंत्रांनी ठासून भरली होती. गळके फ्रीज, मुके टीव्ही, दात पडलेले मिक्सर! आता चूल उठणार, म्हणजे भिकोबाच्या पोटावरच पाय येणार.

त्याची लेक येसू पदर खोचून पुढं आली. "महाराज, त्यापेक्षा कोठारंच रिकामी केली तर?"

"कर की!" राजा मिशीतल्या मिशीत हसला. "पण जाळायचं नाही, मला खोकला होतो. पुरायचं नाही, विहिरी नासतात. नदीत टाकायचं नाही, मासे मरतात. आणि उकिरड्यावर तर मुळीच नाही! दर खंडेनवमीला मी त्यांना हळदकुंकू वाहिलंय. पूजलेली वस्तू कुणी फेकतं का गं? जमलं तर चूल तुमची. नाहीतर बांधा गाठोडं!"

भिकोबा लगेच गाठोडं बांधायला लागला. येसूला मात्र हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ढोल-ताशांनी राजवाडा दणाणला. राजा धोतर सावरत धावला. पाहतो तर बैलगाड्या, लेझीम, गुलाल, आणि अक्षतांचं ताट घेतलेली येसू!

"हा काय तमाशा?"

"महाराज, गणपती पूजतो ना आपण?"

"पूजतो की!"

"मग तो वर्षभर पाटावरच बसतो?"

"वेडी का काय! उत्तरपूजा करतो, अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवतो, मग..." राजाचा आ वासलेलाच राहिला.

"मग घ्या अक्षता! तुम्ही पूजाच करत बसलात, उत्तरपूजा राहिली!"

"पण विसर्जन? नदीत नाही हां!"

"नदीत कशाला? मूर्ती मातीची, ती मातीला मिळते. यांचं तांबं तांबटाकडं, लोखंड लोहाराकडं, काच काचभट्टीत. फ्रीजमधला गॅस अन् बॅटऱ्यांतलं विष काढून बंद डब्यात भरणारे कारागीरही आलेत."

राजानं लाडक्या फ्रीजवर अक्षता टाकल्या, हळूच धक्का दिला. दार उघडलं अन् आतून झुरळांची वरात निघाली! तरी राजाचे डोळे पाणावले. "गेला गं! आता कसला परत दिसतो!"

"महाराज, निरोप देताना आपण ओरडतो काय?"

"पुढच्या वर्षी लवकर या!"

"मग येणारच! कुणी पातेलं होऊन, कुणी विळी होऊन. आणि आल्यावर उतरणार कुठं? मुदपाकखान्यात! तोच बंद केलात तर पाहुणे दारातून परत जायचे की हो!"

राजा असा खदाखदा हसला की पगडी वॉशिंग मशीनमध्ये पडली! "चूल तुमची, पोरी! आणि दरसालच्या या मिरवणुकीची मानकरीण तू!" त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या गळ्यात घातला, आणि एक दात पडलेला मिक्सर डोक्यावर घेऊन स्वतःच लेझमीत घुसला.