तलावाची बांगडी

चिखलबोडीच्या तलावात नवे जाळे उतरण्याआधी गावातली थोरली सवाष्ण पदराच्या गाठीतून लाखेची बांगडी काढते आणि जाळ्याच्या डोळ्यातून घालून पाहते. पार गेली तर जाळे पाण्यात. अडली तर घरी, उसवायला. पाहुण्यांना याचे हसू येते. मग म्हातारे डोमाजी शेंडे पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसकण मारतात आणि भागरताची गोष्ट सांगतात.

फार मागे, म्हणे, या तलावातले मासे संपले. मासे धरणाऱ्या ढिवरांनी जाळी बारीक बारीक विणत नेली, बोटाएवढी पिल्लेही सोडली नाहीत. शेवटी बेडूक तेवढे उरले आणि लोक गाव सोडायला निघाले. तेव्हा भागरताने नदीवरून हंडीत माशांचे बीज आणले. हंडीतले पाणी थांबले की पिल्ले मरतात, म्हणून ती वाटभर हाताने पाणी हलवत आली. बांगड्यांनी मनगट सोलून निघाले, असे सांगतात.

पिल्ले वीतभर झाली आणि गावाचा धीर सुटला. पोटोबापुढे कोणाचे चालते? व्यापारी धानाची गाडी घेऊन पाळीवर आला. सगळ्यांत बारीक जाळे विणले होते भागरताच्याच नवऱ्याने, उकंडूने. तिला ते फार लागले. छातीभर पाण्यात जाऊन ती जाळ्यासमोर उभी राहिली.

"हट ना वं," उकंडू म्हणाला. "आज इकले तं महिनाभर खाऊ."

"अन् मंग? सालभर थांबलो तं हेच मासे गाडीभर होतीन. अन् दरसाल होतीन."

तिने हातातली एक बांगडी उतरवून जाळ्याला लावली. "यातून जे मासोळी जाते, ते लेकरू हाय. लेकराले कोनी बाजारात नेते का?"

उकंडूचा चेहरा उतरला. "मी जित्ता हावो, अन् तुनं बांगडी काढली?"

"तू जित्ता राहावा म्हनूनच काढली."

उकंडूने जाळे ओढून पाळीवर टाकले आणि तिथेच उसवायला बसला. धानाची गाडी भरलेलीच परत गेली. ते वर्ष गावाने शिंगाडे आणि कमळाचे कांदे खाऊन काढले. पोरे रडली, बायांनी भागरताला शिव्या घातल्या; ती बधली नाही. पुढल्या वर्षी बांगडीच्या मापाचे जाळे उतरले, तेव्हा एकेक रोहू उचलायला दोन्ही हात लागले. व्यापाऱ्याची एक गाडी पुरली नाही.

ती बांगडी मात्र तिने पुन्हा हातात घातली नाही. आजही चिखलबोडीच्या सुना डाव्या हातात एक बांगडी कमी भरतात. नवखा कासार चुकून हात पुरा भरतो, तेव्हा त्या एक उतरवून पदराला बांधतात. ती तलावाची.