पाऊलवीट

डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी एक डोंगर, आणि त्याच्याही मागे नदी जिथे वळता वळता लालचुटूक गाळ टाकून जाते, तिथे एक वीटभट्टी होती. भट्टीशेजारी गवताच्या सात झोपड्या. त्यांतल्या एकीत आठ वर्षांची बुधी राहायची. सकाळी उठून ओल्या विटा उन्हाकडे उलटायच्या, हे तिचं काम. हात कोपरापर्यंत मातीचे, आणि मन मात्र धुतल्या तांदळासारखं.

भट्टीवरची माणसं लांबून आलेली. पावसाळा सरला की यायची, पुढचा पाऊस पडायच्या आत परतायची. त्यांची एक रीत होती. भट्टीवर बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी त्याचं इवलंसं पाऊल ओल्या विटेवर उमटवायचं, ती वीट भाजायची आणि झोपडीच्या दाराशी ठेवायची. तिला म्हणायचे पाऊलवीट. नाव मात्र गावी गेल्यावर, उंबराखाली. तोवर बाळ नुसतं बाळ.

बुधीचा भाऊ चार महिन्यांचा होता. दोन दिवस त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तो दूध पिईना. आता तर रडेनासाही झाला होता. आये त्याला घेऊन दोन कोसांवरच्या दवाखान्यात जाऊन आली होती. दारातच टेबल मांडून बसलेल्या कारकुनाने विचारलं, "कुठले तुम्ही? कागद आहे का?" कागद नव्हता. "मग आपल्या गावी दाखवा, बाई." गाव चार दिवसांच्या वाटेवर होतं.

दोन सालांमागे शेजारच्या जनीमावशीचं पहिलं बाळ असंच तापलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याची झोळी रिकामी झाली. आज तिसरा दिवस होता. हे बुधीला कुणी सांगायला नको होतं.

भावाच्या कपाळावर ठेवायला गार पाणी आणायला ती सकाळीच झऱ्यावर गेली. झऱ्याकाठी मोठी काटेसावर होती. तिची बोंडं उकलली होती आणि वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखा रुपेरी कापूस उन्हात झुलत होता. एक इवलुसा पुंजका मात्र खोडाच्या काट्यात अडकून थरथरत होता.

"थांब हं, सोडवते तुला," बुधी म्हणाली. काटा तिच्या बोटात शिरला. शुभ्र कापसावर लाल टिपका पडला, आणि कापूस लखलखला! बघता बघता तिथे बोटभर उंचीची परी उभी राहिली. झगा कापसाचा, पंख दवाचे, केसांत सावरीच्या सोनेरी बिया.

"काय देऊ तुला, चिमणे?" परीने विचारलं.

"माझ्या भावाला बरं कर." बुधीला दुसरं काही मागायचंच नव्हतं.

परीचा चेहरा उतरला. "बरं करणं माझ्या हातात नाही गं. ते औषधाच्या हातात. मला ओझं हलकं करता येतं, तेवढंच."

"पण औषध कागद मागतं. आमच्यापाशी कागद नाय."

"बाळ इथे आलं, याची काहीच खूण नाही तुमच्यापाशी?"

बुधीचे डोळे चमकले. होती की! दाराशीच होती.

"ती घेऊन जा," परी म्हणाली. "पण नियम ऐक. एकट्याचं ओझं हलकं होत नाही. दुसऱ्याचं उचललंस, तरच तुझं हलकं होईल. आणि सूर्य माझ्या झाडाच्या शेंड्यावर यायच्या आत पोहोच. दुपारी दवाखान्याचं दार मिटतं."

बुधी धावत सुटली. घाईघाईत तिने पहिलं वाक्य ऐकलं आणि नियम झऱ्यावरच विसरली. भावाची पाऊलवीट डोक्यावर घेतली, आयेच्या पदराला धरून तिला ओढलं. "आये, चल. कागद हाय आपल्याकडं!"

आये उठली. बाळाला छातीशी धरून निघाली. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

पण पावलागणिक वीट जड होऊ लागली. ओढ्यापाशी तर बुधीची मान वाकली, ती मटकन खाली बसली. तिला रडू कोसळलं आणि रडता रडता नियम आठवला.

"आये, तू सावलीत बस. मी आलेच."

"आता कुठं जातेस गं? येळ कुठाय?"

वेळ नव्हताच. तरी बुधी उलटी पळाली. जनीमावशीचं दुसरं बाळ महिनाभर खोकत होतं. तिने त्याची वीट उचलली. "मावशे, बाळाला घेऊन ये. लवकर!"

मग ती शेवटच्या झोपडीपाशी थबकली. तिथे मेहरू राहायची. आपला मुलूख पेटला म्हणून डोंगर ओलांडून आलेली. तिची भाषा कुणाला येत नसे आणि तिच्या पाण्याला कुणी शिवत नसे. आत तिची तान्ही लेक धापा टाकत होती. दाराशी वीट नव्हती. तिला ही रीत कोण सांगणार?

सूर्य वर चढत होता. बुधीने साच्यात माती थापली, वीट काढली, बाळाच्या पायाकडे बोट दाखवलं. मेहरूला खूण कळली. मग तिने आपल्या हाताने लेकीचं पाऊल मातीत टेकवलं, आणि तिचे डोळे भरून आले.

ओली वीट फळीवर, फळी डोक्यावर, जनीच्या बाळाची वीट काखेत; मागे जनी आणि मेहरू, आपापल्या बाळांना घेऊन. ओढ्यापाशी बुधीने भावाची वीटही उचलली, आणि काय नवल! तिन्ही मिळून सावरीच्या म्हातारीएवढ्या हलक्या. चौघी झपाझप चालू लागल्या.

कारकून दार लोटतच होता. "कागद?"

बुधीने तीन विटा त्याच्या वहीवर ठेवल्या. वही चिखलाने माखली. कारकून ओरडला, "अगं ए, विटेवर कुठे नोंद होते का?"

आवाज ऐकून आतून नर्स कुंदाताई आल्या. बुधीने दोन दिवसांत पहिल्यांदाच मान ताठ केली.

"ताई, हा माझा भाऊ. हे त्याचं पाऊल. तो इथंच जन्मलाय."

कुंदाताईंनी बाळाचं तापलेलं पाऊल हलकेच ठशावर ठेवलं. ते ठशापेक्षा बोटभर मोठं होतं.

"इथे जन्मलं आणि इथेच वाढलंय," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आणि ताप काही गाव विचारून येत नाही. वही उघडा."

"पण नाव काय लिहू?"

"नाव गावी ठेवतात," आये कुजबुजली.

"मग लिहा, बुधीचा भाऊ."

तिन्ही बाळं आत गेली. कुंदाताईंनी कापसाचा बोळा घेतला, बाळाची मांडी पुसली आणि सुई टोचली. बाळ कळवळून रडलं, आणि ते रडणं ऐकून आये खाली बसली नि पदर तोंडावर घेऊन हमसून हमसून रडली. कापसाच्या बोळ्यावर एक लाल टिपका होता. बुधीने तो ओळखला.

दुसऱ्या दिवशी बाळ पोटभर दूध प्यायलं. जनीच्या बाळाचा खोकला बसायला महिना लागला, मेहरूच्या लेकीला त्याहून जास्त. पण कुंदाताई दर मंगळवारी भट्टीवर येऊ लागल्या, सावरीखाली पेटी उघडून बसू लागल्या. मेहरूने पहिल्या मंगळवारी त्यांना पाणी दिलं. त्या प्यायल्या. मग जनीही प्यायली.

भट्टी विझायच्या आदल्या दिवशी बुधी झऱ्यावर गेली. परी शेंड्यावर उभी होती.

"आता जाते मी, चिमणे. तुझं ओझं उचलायला आता बरेच हात आहेत."

झाडभर कापूस उधळला, पांढरा, रुपेरी, सोनेरी. उजेडात उजेड मिसळला आणि परी दिसेनाशी झाली.

मेहरूच्या लेकीची वीट भाजून निघाली. तिन्ही विटा कुंदाताईंनी दवाखान्याच्या उंबऱ्यात बसवून घेतल्या. दरवर्षी लांबून आलेली कोणी आई बाळाला घेऊन बिचकत दारात उभी राहते, त्या पावलांकडे बघते, आणि आत येते. कारकून मान वर करतो आणि विचारतो, "काय होतंय बाळाला?"

कुठले तुम्ही, हे तो मागाहून विचारतो. कधी कधी विसरतोसुद्धा.