झाकण उघडल्यावरची ओळख

लॅपटॉपच्या पोटातली यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या एका लॅपटॉपमध्ये कर्नल नावाचा कारभारी होता. प्रत्येक यंत्र सांभाळायला त्याने एकेक ड्रायव्हर नेमला होता. झाकण मिटलं की ड्रायव्हर आपापल्या यंत्राला झोपवत आणि उघडलं की उठवत.

सगळी यंत्रं उठायची, वायफायचं कार्ड मात्र ढिम्म. शेवटी मालकीणबाई वैतागल्या. "आता हे कार्डच बदलते!"

ते ऐकून वायफायचा ड्रायव्हर हादरला. "मी त्याला उठल्या उठल्या सांगतो, मघाचं बोलणं पुढे चालू कर. ते नुसतं बघत राहतं!"

टचपॅडच्या ड्रायव्हरला कुतूहल वाटलं. "झोपेत त्याची वीज तोडतात ना? मग मघाचं त्याला आठवतं का?"

"मला सगळं आठवतं!"

"तुला आठवतं रे. मी त्याचं विचारतोय."

कर्नल ऐकत होता. पुढच्या वेळी झाकण मिटताना त्याने वायफायच्या ड्रायव्हरलाच मेमरीबाहेर काढलं.

"इतकं इमानाने राबलो आणि मलाच घालवता?"

"झाकण उघडलं की परत ये," कर्नल म्हणाला. "पण कोरा होऊन ये."

झाकण उघडलं. ड्रायव्हर आत आला, तेव्हा त्याला मागचं काहीच आठवत नव्हतं. समोरच्या कार्डाकडे बघून त्याने अदबीने विचारलं, "आपण कोण?"

कोपऱ्यातला वायफायचा निळा दिवा लुकलुकला.

"बरं झालं विचारलंत," कार्ड म्हणालं. "मी वायफायचं कार्ड. आणि आपण?"