मूठभर हिरवा पाला

डोंगराच्या कुशीत, जिथे पायवाट संपते आणि करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथे एका पिटुकल्या झोपडीत हौसा राहायची. तिचे वडील नव्हते. आई दिवसभर रानात लाकडं वेचायची आणि हौसा धाकट्या दगडूला सांभाळायची. घरात भाकरी असे आणि सोबत मीठ-मिरची. दुसरं काही नसे.

दगडू अगदी फिकुटला होता. सूर्य कलला की त्याला दिसेनासं व्हायचं. बाकीची पोरं अंगणात लपाछपी खेळायची आणि हा भिंत चाचपत घरात यायचा.

"ताई, अंधार एवढा लवकर का होतो गं?" तो विचारायचा.

अंधार झालेलाच नसायचा. हौसा त्याला जवळ ओढून घ्यायची.

एका सकाळी करवंदीच्या जाळीतून तिला बारीकसा हुंदका ऐकू आला. वाकून पाहते तो काय, काट्यांत एक परी अडकलेली! बोटाएवढी, पोपटी झग्याची. तिच्या कोवळ्या पानांसारख्या पंखांवर दवाचे थेंब लुकलुकत होते. हौसानं जाळीत हात घातला. काटे बोचले, रक्त आलं, पण पंखांना धक्का न लावता तिनं परीला हळूच सोडवलं.

"गुणाची गं माझी बाय!" परी तिच्या तळव्यावर बसली. "काय हवं तुला?"

"माझ्या दगडूला संध्याकाळी दिसू दे."

"डोळ्यांची जादू माझ्याकडे नाही गं. पण माझ्या बागेतलं एक काहीतरी घे. झाडांना विचारून घे हं!"

परीनं टिचकी वाजवली आणि समोर बाग झगमगली. गुलाबी साखरफुलं टपटपत होती, चांदीची फळं किणकिणत होती.

"मी जिभेला गोड लागेन," साखरफूल म्हणालं.

"मी घर सजवीन," चांदीचं फळ म्हणालं.

कोपऱ्यात शेवग्याचं साधंसुधं झाड होतं. इवल्या इवल्या हिरव्या पानांचं. ते हळूच म्हणालं, "मी रोज थोडा थोडा पोटात गेलो, की अंगात रक्त होईन, डोळ्यांत उजेड होईन."

"मला हाच हवा!" हौसा म्हणाली.

परीनं एक फांदी दिली. "ही मडक्यात लाव. रोज मूठभर पाला तोड, तो रोज पुन्हा फुटेल. पण रोज ती मूठ दगडूच्याच पोटात गेली पाहिजे. एक दिवस चुकला, तर फांदी वाळेल."

दगडूनं पहिल्या दिवशी तोंडच फिरवलं. "हा तर शेळीचा खाऊ!"

मग हौसानं पाला बारीक चिरून भाकरीच्या पिठात मळला. कधी मिरचीबरोबर ठेचला, कधी मीठ घालून परतला. हिरव्या ठिपक्यांची गरम भाकरी दगडूला फार आवडली. त्याचे गाल भरले. एका संध्याकाळी तो ओरडला, "ताई, मला कोंबडी दिसली! थोडीशीच, पण दिसली!"

दुसऱ्या दिवशी शेजारची रखमामावशी दारात आली. "हौसा, माझी सून बाळंत झालीय. अंगात त्राण नाही, दूध येत नाही. मूठभर पाला दे गं."

हौसाच्या हातात दगडूची आजची मूठ होती. तेवढीच. तिनं मडक्यातल्या फांदीकडे पाहिलं. शेजारून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं.

"दे ना, ताई," दगडू म्हणाला. "बाळ रडतंय."

हौसानं पाला मावशीच्या पदरात घातला.

दिवस कलला, तशी फांदी सुकली. पानं गळाली. हौसा मडक्याजवळ बसून मुसमुसू लागली. तेवढ्यात वाळक्या फांदीवर पोपटी उजेड फुलला.

"नियम मोडलास, हौसा," परी म्हणाली.

"हो. फांदी वाळेल हे मला ठाऊक होतं. पण ते बाळ फार रडत होतं."

परीचे डोळे भरून आले. "नियम घातला होता तो हावऱ्या हातांसाठी. तुझ्या हातांना नियम कशाला?"

तिनं पंख झटकले. दवाचे थेंब अंगणभर उडाले. जिथे थेंब पडला तिथे माठ उगवला, मेथी उगवली, चाकवत आणि पालक डोलू लागले. मधोमध शेवगा सरसर उंच झाला.

"रोजच्या जेवणात घाला. हवा तेवढा तोडा, हवा त्याला द्या," परी म्हणाली आणि वर वर जात उजेडात विरघळू लागली.

सूर्य मावळला होता. दगडू घरातून धावत आला, भिंतीला हात न लावता.

"ताई, ते बघ! शेवग्यावर हिरवं काहीतरी चमकतंय!"

चमक विझली. दगडू वळला आणि हौसाच्या तोंडाकडे पाहतच राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तू रडतेस?"