वाटीभर मैद्याचं वजन

रानाच्या कडेला, मातीच्या छोट्याशा घरात, इवलीशी कुमू आपल्या मावशीबरोबर राहायची. मावशीचा ताप उतरला होता, पण तिला घास जात नव्हता. हात अगदी काडीसारखे झाले होते. "नानकटाई असती तर खाल्ली असती गं," एवढंच ती म्हणाली.

मावशीची नानकटाई वाटीच्या मापाची. एक वाटी मैदा, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी तूप. पण तिची पिवळीधमक पितळी वाटी ओढ्यात वाहून गेली होती. आणि भट्टीवाले इस्माईलचाचा तर सगळं तराजूत तोलूनच मळायचे. वाटीभर साखरेचं आणि तुपाचं वजन त्यांनी पूर्वी एकदा करून दिलं होतं, दोन्ही जवळपास सारखंच भरलं होतं, तेवढं कुमूला ठाऊक होतं. वाटी एकच, मग मैद्याचंही वजन तेवढंच असणार, असं तिला वाटलं. नानकटाई झाली दगडासारखी. मावशीने ती चावून पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता घरात शेवटचा मैदा उरला होता. पुन्हा चुकलं तर संपलंच. दुपारपर्यंत भट्टी गरम आहे, तोवर नक्की वजन सांग, असं चाचांनी बजावलं होतं.

मैद्याची पिशवी छातीशी धरून कुमू जाईच्या बागेतून भट्टीकडे निघाली. तिथे कोळ्याच्या चमचमत्या जाळ्यात करंगळीएवढी परी अडकली होती. तिचे पंख निळे, गुलाबी, मोरपिशी. उशीर होत होता, तरी कुमू थांबली. तिने एकेक धागा अलगद सोडवला आणि कोळ्याचं घरही मोडू दिलं नाही.

परीने पंख झटकले, कुमूची सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाली, "एक इच्छा माग. पण ती मावशीच्या वाटीत मावणारी हवी."

"मग वाटीच दे."

"वाटीत वाटी कशी मावेल गं, वेडाबाई?"

"मावशीचं बरं होणं?"

"ते तर तुमच्या घरातही मावायचं नाही." परी खुदकन हसली. "वाटीभर मोती देऊ?"

टपोरे मोती कुमूच्या डोळ्यांपुढे चमकले. तिने नाही म्हणून मान हलवली. "मला वाटीभर मैद्याचं वजन दे. मावशी भरायची तसं, हलक्या हाताने."

कुमूच्या ओंजळीत रुपेरी खडे टपटपले. किती थोडे! साखर तर कितीतरी जड भरली होती.

"चुकलं तर नाही ना?"

"नाही गं, सोनुले. मैदा भुरभुरीत, त्याच्या कणाकणांत हवा बसते. साखर दाटीने बसते. माप तेच, वजन निराळं."

चाचांनी एका पारड्यात खडे टाकले, दुसऱ्यात मैदा. एवढासाच, असं त्यांनी दोनदा विचारलं. कुमू दोन्ही वेळा हो म्हणाली. भट्टी निवत आली होती. तरी नानकटाया फुलल्या, वरून भेगाळल्या, सोनेरी झाल्या.

मावशीने तुकडा तोंडात टाकला. तो जिभेवर विरघळला. ती उशीला टेकून उठून बसली आणि म्हणाली, "कुमे, तूही घे की." तेव्हा कुठे कुमूला कळलं, की आपल्यालाही भूक लागली आहे.

खिडकीत परी हसत उभी होती. लख्ख, दुधाळ उजेड पसरला, आणि ती त्या उजेडातच मिसळून गेली. मावशीला ते दिसलंच नाही. ती चौथी नानकटाई उचलत होती.